एका ‘फेअर’ शब्दावर जोखलेले शब्दार्थ-ॲप

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गेली अनेक वर्षे मी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. २०२३ मधील तलाठी भरतीच्या परीक्षेत १०० प्रश्नांपैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, आणि अशा परीक्षांत समानार्थी व विरुद्धार्थी शब्द हमखास विचारले जातात. त्यामुळे इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ, त्याचे समानार्थी आणि त्याचे विरुद्धार्थी एकाच पडद्यावर दाखवणारे एखादे ॲप वर्गातील जवळजवळ प्रत्येकाच्या फोनवर असतेच. त्यांतील एक ॲप मी जूनमध्ये वर्षाची वर्गणी भरून घेतले आणि चार महिने रोज वापरले. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही. या घाटाची बरीच ॲप बाजारात आहेत, त्यांतील नोंदी एकमेकींच्या वळणावर गेलेल्या दिसतात, आणि पुढे सांगितलेले दोष त्यांतील बहुतेकांना थोड्याफार फरकाने लागू पडतील असा माझा अंदाज आहे.

ॲप तपासण्यासाठी शेकडो शब्द उलगडून पाहण्याऐवजी मी एकच शब्द धरला, आणि तोही मी निवडला नाही, तो समोर आला. सराव परीक्षेत ‘फेअर जज’ या शब्दजोडीतील ‘फेअर’चा विरुद्धार्थी शब्द विचारला होता. कागलहून येणाऱ्या एका हुशार मुलीने ‘डार्क’ हा पर्याय निवडला. उत्तर चुकले असे सांगताच तिने फोन पुढे केला. “मी तर पाठ करून आलो की, मॅडम. ह्यात पहिलाच शब्द डार्क दिलाय.” तिचे खरे होते. पहिलाच शब्द डार्क होता. काळ्या वर्णाचा न्यायाधीश पक्षपाती ठरवणारे हे उत्तर मुलीचे नव्हते, ॲपचे होते.

ॲपमधील ‘फेअर’ची नोंद अशी आहे. वर मूळ शब्द आणि देवनागरीत उच्चार. त्याखाली ‘अर्थ’ या मथळ्याखाली एका ओळीत स्वल्पविराम देत सुंदर, गोरा, जत्रा, न्याय्य, स्वच्छ, बरा, मेळा, योग्य. त्याखाली समानार्थी शब्दांत ब्यूटिफुल, जस्ट, कार्निव्हल, ब्लाँड, मॉडरेट, इम्पार्शल, क्लिअर. सर्वांत खाली विरुद्धार्थी शब्दांत डार्क, अग्ली, अनफेअर, ब्लॅक, फाउल, बायस्ड. या यादीतील बहुतेक शब्द सुटे घेतले तर कोठे ना कोठे बरोबरच आहेत आणि म्हणूनच ही नोंद अधिक फसवी आहे. सरळ चूक असती तर ती एखाद्याच्या ध्यानात तरी आली असती. वाचणाऱ्याला असे वाटते की वरच्या ओळीतील कोणताही शब्द मधल्या ओळीतील कोणत्याही शब्दाशी आणि खालच्या ओळीतील कोणत्याही शब्दाशी जुळतो. वास्तविक समानार्थी किंवा विरुद्धार्थी हे नाते दोन शब्दांचे नसून एका शब्दाच्या एका अर्थाचे दुसऱ्या शब्दाच्या एका अर्थाशी असते. ज्या नोंदीत अर्थ वेगळे केलेले नाहीत, तिच्यात समानार्थी शब्द देणे म्हणजे चाव्यांचा जुडगा देऊन कुलपे न दाखवणे होय.

पहिली गोष्ट अशी की येथे एक शब्दच नाही, दोन आहेत. सुंदर, उजळ, न्याय्य या अर्थांचे विशेषण जुन्या इंग्रजीतून आलेले आहे आणि त्याचा मूळ अर्थ देखणा, डोळ्यांना भावणारा असा होता. जत्रा किंवा मेळा या अर्थाचे नाम मात्र लॅटिनमधील सणाच्या, सुट्टीच्या दिवसाला असलेल्या ‘फेरिया’ या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोहोचले. स्पेलिंग आणि उच्चार एक झाले, एवढाच त्यांचा संबंध. मराठीत ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सारा आणि ‘कर’ म्हणजे करण्याची आज्ञा हे तीन वेगळे शब्द जसे कोणी एका नोंदीत कोंबत नाही, तसेच चांगला छापील कोश ‘फेअर’ला एक आणि दोन असे आकडे घालून स्वतंत्र नोंदी करतो. या ॲपने ‘जत्रा’ थेट ‘गोरा’ आणि ‘न्याय्य’ यांच्या मधोमध बसवली आहे. ‘कार्निव्हल’चा विरुद्धार्थी शब्द ‘बायस्ड’ असू शकत नाही, हे सांगण्यासाठी इंग्रजीची पदवी लागत नाही, पण पडद्यावरची मांडणी तेच सुचवते.

जत्रेच्या बाबतीत आणखी एक उणीव जाणवली. मराठीत या नामाला एक शब्द पुरत नाही. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या घेऊन लोक जोतिबाच्या डोंगरावर जातात ती यात्रा. दर्ग्यावर भरतो तो उरूस. नोकऱ्यांसाठी उमेदवारांना बोलावतात तो रोजगार मेळावा. पुस्तकांचे भरते ते ग्रंथप्रदर्शन आणि शेती-अवजारांचे भरते ते कृषी प्रदर्शन. इंग्रजीत यांतील बहुतेकांच्या मागे ‘फेअर’ लावता येते. ॲपमध्ये ‘जॉब फेअर’ टाकल्यावर ‘नोकरी जत्रा’ असे उत्तर मिळाले. उमेदवारांची गर्दी आणि उपलब्ध जागा यांचे प्रमाण पाहता ते अगदीच खोटे नाही, परंतु उत्तरपत्रिकेत चालणारे नाही.

आता मुख्य अर्थाकडे येऊ, कारण परीक्षेत आणि व्यवहारात ‘फेअर’ बहुतेक वेळा याच अर्थाने भेटतो. न्याय, समतोल आणि योग्य माप यांच्याशी संबंधित असलेल्या या अर्थासाठी मराठीकडे चांगला भरणा आहे: न्याय्य, न्यायी, निःपक्षपाती, रास्त, वाजवी, उचित. ॲपने यांपैकी ‘न्याय्य’ तेवढा दिला आहे आणि बाकीच्यांच्या जागी ‘योग्य’ हा कोठेही चालून जाणारा शब्द वापरला आहे. हे सहा शब्द अर्थाने जवळचे असले तरी एकमेकांच्या जागी सरसकट बसत नाहीत. माणूस न्यायी असतो आणि मागणी न्याय्य असते. न्यायाधीश निःपक्षपाती असतो. त्याला वाजवी न्यायाधीश म्हटले तर त्याची फी विचारात घेतली आहे असे वाटेल. भाव वाजवी असतो, मागणी रास्त असते, वर्तन उचित असते. सराव परीक्षेतील त्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘बायस्ड’ हे होते, आणि त्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग असा की आधी मराठीत ‘निःपक्षपाती’ सुचला पाहिजे, मग त्याचा विरुद्धार्थी ‘पक्षपाती’ सुचला पाहिजे आणि मग त्याला इंग्रजी शब्द शोधला पाहिजे. ‘योग्य’ या शब्दावरून ‘अयोग्य’पर्यंत जाता येते, ‘पक्षपाती’पर्यंत जाता येत नाही.

या शब्दांच्या मुळांकडे पाहिले तर त्यांतील फरक अधिक लक्षात राहतो. न्याय्य आणि उचित हे संस्कृतातून आलेले शब्द, वाजवी हा अरबीतील ‘वाजिब’पासून आलेला आणि रास्त हा फारसी. फारसीत रास्त म्हणजे सरळ, खरे आणि उजवेही. इंग्रजीतील ‘राइट’, संस्कृतातील ‘ऋजु’ आणि हा ‘रास्त’ यांचे मूळ एकच मानले जाते, त्यामुळे ‘फेअर’ला ‘रास्त’ म्हणताना आपण नकळत इंग्रजीतीलच दुसऱ्या एका शब्दाचा भाऊबंद वापरत असतो. माझ्या अनुभवाप्रमाणे मुलांना अशी एक गोष्ट सांगितली की शब्द वर्षभर टिकतो. यादीतील आठ शब्द आठवडाभरही टिकत नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला तर ‘फेअर’चा हा अर्थ शिकवावाच लागत नाही, कारण तो त्याच्या घरात दर हंगामाला बोलला जातो. उसाच्या दराची ‘एफआरपी’ म्हणजे ‘फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस’, मराठीत रास्त व किफायतशीर दर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन २००९-१० च्या हंगामापासून ही पद्धत आली. त्यापूर्वी जो दर ठरत असे त्याला वैधानिक किमान किंमत म्हणत. ‘किमान’ जाऊन ‘रास्त’ आले, आणि शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने येथे थांबून पाहावे असा हा बदल आहे, कारण किमान म्हणजे ज्याच्या खाली जाता येत नाही तो आकडा, तर रास्त म्हणजे उत्पादन खर्च आणि मोबदला यांचा मेळ घालून योग्य ठरवलेला आकडा. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे ३५५ रुपये असा हा दर केंद्र सरकारने ठरवला होता. ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत रक्कम न दिल्यास १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते, हेही त्याच आदेशात आहे. दर खरोखर रास्त आहे की नाही यावर आमच्याकडे दरवर्षी आंदोलने होतात. परंतु येथे मुद्दा भाषेचा आहे. ‘फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस’चे भाषांतर ॲपच्या वाक्य-भाषांतराच्या खिडकीत मागितले असता ‘सुंदर आणि मोबदला देणारी किंमत’ असे उत्तर आले. ते वर्गात वाचून दाखवल्यावर मागच्या बाकावरील एक शिरोळचा मुलगा म्हणाला, “मॅडम, सुंदर तर कधीच नव्हती.”

‘फेअर प्राइस शॉप’ या शब्दजोडीचेही असेच. शासनाच्या कागदपत्रांत ‘रास्त भाव दुकान’ हा नेमका शब्द आहे, लोक रेशनचे दुकान म्हणतात आणि पुष्कळ दुकानांच्या पाट्यांवर ‘स्वस्त धान्य दुकान’ असे लिहिलेले असते. स्वस्त आणि रास्त यांत केवळ एका अक्षराचा फरक ऐकू येतो, परंतु स्वस्त म्हणजे कमी किमतीचे आणि रास्त म्हणजे योग्य किमतीचे. ‘चीप’ हा ‘फेअर’चा समानार्थी नव्हे. वर्गातील निम्म्या मुलांनी तो समानार्थी म्हणून सांगितला, आणि त्यात ॲपचा दोष नाही, पाटीचा आहे.

या अर्थाच्या उलट बाजूला ‘अनफेअर’ येतो आणि त्याच्या नोंदीत ॲपने फक्त ‘अन्यायी’ दिले आहे. अन्यायी हा माणूस किंवा राजवट. नियम, करार किंवा निकाल यांना अन्याय्य म्हणावे लागते. कायद्याच्या मराठीत तर आणखी वेगळा शब्द रूढ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘अनफेअर ट्रेड प्रॅक्टिस’ला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्यातील ‘अनफेअर लेबर प्रॅक्टिस’ला अनुचित कामगार प्रथा. लिपिक पदाची परीक्षा देणाऱ्याला उद्या कार्यालयात हाच ‘अनुचित’ भेटणार आहे. तो नोंदीत नाही.

वर्णाच्या अर्थाबद्दल लिहिणे भाग आहे, जरी ते सुखाचे नाही. ‘फेअर’ म्हणजे सुंदर हा अर्थ आजच्या बोलण्यात जवळपास मागे पडला आहे आणि जुन्या कवितांत व कथांत तो आढळतो. गोऱ्या वर्णाचा आणि सोनेरी केसांचा हा अर्थ चालू आहे, आणि त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘डार्क’ हाच आहे. म्हणजे ‘फेअर’ म्हणजे सुंदर असे धरले तर विरुद्ध ‘अग्ली’, आणि ‘फेअर’ म्हणजे गोरा असे धरले तर विरुद्ध ‘डार्क’. हे दोन अर्थ वेगळे न करता एका ओळीत लिहिले की सुंदर म्हणजे गोरा आणि काळा म्हणजे कुरूप हे समीकरण कोणीही न मांडता मांडले जाते. पंचवीस वर्षे मुलींना शिकवल्यानंतर मला या ओळीचा राग आल्याखेरीज राहिला नाही. मराठीत वर्णासाठी गोरा, उजळ, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे शब्द आहेत, त्यांतील सावळा हा तर आपण विठ्ठलासाठी राखून ठेवलेला लाडका शब्द आहे, आणि तो कुरूपाच्या रांगेत उभा करण्याचा अधिकार कोणत्याही यादीला नाही. १९७५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या एका सुप्रसिद्ध क्रीमच्या नावातून २०२० मध्ये ‘फेअर’ जाऊन त्या जागी ‘ग्लो’ आले. बाजाराला जे उशिरा का होईना सुचले ते शब्दकोशाला आधी सुचायला हवे होते. ‘ब्लॅक’ हा शब्द तर येथे कोणत्याच अर्थाने बसत नाही. केसांना आणि वर्णाला इंग्रजीत या संदर्भात ‘डार्क’ म्हणतात.

बरा, बेताचा, मध्यम हा तिसरा महत्त्वाचा अर्थ ॲपमध्ये ‘बरा’ या शब्दाने आलेला आहे आणि तो शब्द उत्तम निवडला आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रगतिपुस्तकात एक्सलंट, गुड, फेअर, पुअर अशी उतरंड असते, तेथे ‘फेअर’ ही शाबासकी नसते. पूर्वी मी शाळेत शिकवत असताना एका पालकांनी ‘हस्ताक्षर: फेअर’ हा शेरा वाचून पेढे आणले होते. त्यांच्या डोक्यात फेअर वही होती, जिच्यात मुले कच्च्या वहीतील मजकूर स्वच्छ उतरवून काढतात. तोही अर्थ खराच, आणि तेथे विरुद्धार्थी शब्द ‘रफ’ आहे. हा ‘रफ’ मात्र ॲपच्या विरुद्धार्थी शब्दांत नाही, जरी महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला तो माहीत आहे. ‘फेअरली’ या क्रियाविशेषणाचा गोंधळ याहून मोठा आहे. ‘फेअरली गुड’ म्हणजे बऱ्यापैकी चांगले, आणि ‘ट्रीटेड फेअरली’ म्हणजे न्यायाने वागवलेले. ॲपने दोन्ही ठिकाणी ‘न्यायाने’ हाच शब्द वापरला, त्यामुळे उदाहरणाच्या वाक्यात चहा न्यायाने गरम झालेला आहे.

हवामानाचा अर्थ ‘स्वच्छ’ या शब्दात आला आहे. पाऊस-वादळ नसलेली हवा ती फेअर आणि तिच्या उलट फाउल, येथपर्यंत नोंद ठीक आहे. परंतु याच अर्थातून निघालेली ‘फेअर-वेदर रोड’ ही शब्दजोडी आमच्या भागात फार उपयोगाची आहे. गगनबावडा किंवा शाहूवाडी तालुक्यातील वाड्यांकडे जाणारा जो कच्चा रस्ता पावसाळ्यात बंद पडतो तो फेअर-वेदर, आणि त्याच्या उलट ‘ऑल-वेदर’ म्हणजे बारमाही रस्ता. विरुद्धार्थी शब्द नेहमी कोशातील जोडीदार नसतो, तो वापरणाऱ्यांनी ठरवलेला असतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. येथे ‘फाउल-वेदर रोड’ असे म्हणणारा अभियंता अजून जन्माला यायचा आहे. ‘फेअर-वेदर फ्रेंड’चे भाषांतर ॲपने ‘योग्य हवामान मित्र’ असे केले आहे. सुखाचे सोबती हा शब्द मराठीत तयार असताना हवामान खात्याला त्रास देण्याची गरज नव्हती.

खेळातील ‘फेअर’ला कोल्हापूरकरांचे विशेष प्रेम असल्यामुळे त्यावर थोडे अधिक. फुटबॉलमध्ये त्याच्या उलट ‘फाउल’ हे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणारा प्रत्येक जण जाणतो. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक आणि गोल सारखेच असताना कमी पिवळी कार्डे असल्यामुळे ‘फेअर प्ले’च्या गुणांवर जपान पुढे गेला होता, ही आठवण सांगितली की हा अर्थ पुन्हा समजावावा लागत नाही. क्रिकेटच्या नियमांत तर ४१ वा नियम पूर्णपणे ‘अनफेअर प्ले’वर आहे. मात्र कुस्तीला हे शब्द लावायचे तर मराठीच सरस ठरते. शाहू महाराजांच्या काळात बांधलेल्या आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या खासबाग मैदानाभोवती जी भाषा वाढली, तिच्यात आधीच ठरवून, आतून संगनमत करून लढवलेल्या कुस्तीला ‘नुरा’ म्हणतात आणि शेवटपर्यंत लढून हार-जीत ठरते ती ‘निकाली’. ‘अनफेअर’ या एका शब्दात नियमभंग, पक्षपात आणि फसवणूक हे सगळे येते. ‘नुरा’मध्ये नियम एकही मोडलेला नसतो, पंचही पक्षपाती नसतो, तरीही कुस्ती खोटी असते. इतका नेमका शब्द इंग्रजीत शोधायला मला ‘फिक्स्ड’पर्यंत जावे लागते, आणि तो ‘फेअर’च्या विरुद्धार्थी शब्दांत या ॲपमध्ये नाही, जरी खेळाच्या अर्थाने तो असायला हवा.

ॲपमध्ये समानार्थी शब्दावर बोट ठेवले की त्या शब्दाची नोंद उघडते. ही सोय पाहताना आकर्षक वाटते, परंतु घोटाळा सर्वांत जास्त येथेच होतो. ‘फेअर’वरून ‘जस्ट’वर गेले की पहिला अर्थ ‘फक्त’ आणि दुसरा ‘नुकताच’ दिसतो. न्याय्य हा अर्थ पाचवा आहे आणि तेथवर पोहोचण्यासाठी पडदा सरकवावा लागतो. ‘बायस्ड’वरून ‘पार्शल’वर गेले की ‘अंशतः, अर्धवट’ दिसते. ‘पार्शल’चे दोन अर्थ आहेत, पक्षपाती आणि अपुरा, आणि पहिल्याचा विरुद्धार्थी ‘इम्पार्शल’ तर दुसऱ्याचा ‘कम्प्लीट’ किंवा ‘टोटल’. म्हणजे ज्या मुलाने ‘फेअर’पासून निघून दोनदा बोट ठेवले, तो ‘फेअर’ म्हणजे ‘फक्त’ आणि त्याच्या उलट ‘अर्धवट’ असे शिकून परत येऊ शकतो. माझ्या वर्गात एक जण आला.

आवाजावरून शब्द शोधण्याच्या सोयीत ‘फेअर’ म्हटल्यावर कधी हा शब्द तर कधी बसच्या भाड्याचा ‘फेअर’ उघडतो. दोहोंचा उच्चार सारखाच असल्यामुळे याला मी दोष म्हणणार नाही. भाड्याच्या शब्दाचे मूळ प्रवास करणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदात आहे आणि निरोपाच्या ‘फेअरवेल’मध्ये तेच दडलेले आहे, एवढी एक ओळ तेथे दिली असती तर गोंधळाचा पाठ झाला असता.

उच्चाराची बाजू मात्र खरोखर चांगली आहे. ध्वनिमुद्रण स्पष्ट आहे, आवाज यंत्राचा वाटत नाही, गती कमी करता येते आणि देवनागरीतील उच्चारलेखन काळजीपूर्वक केलेले आहे. एकदा कोश उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो, हे राधानगरीच्या आतल्या गावांतील मुलांसाठी मोलाचे आहे. शोध तत्काळ लागतो. स्पेलिंग चुकले तरी जवळचे शब्द सुचवले जातात. रोज एक शब्द पाठवणारी सूचना सकाळी साडेसहाला येते, तेव्हा बहुतेक मुले एक तर धावायला गेलेली असतात किंवा झोपलेली. वर्गणी वर्षाला ४९९ रुपये आहे आणि ती भरल्यावर जाहिराती पूर्णपणे जातात. विनामूल्य आवृत्तीत दर चौथ्या शब्दाला पूर्ण पडद्याची जाहिरात येते आणि ती बंद करण्याची खूण शोधण्यात शब्द विसरला जातो. सराव प्रश्नांचा विभाग न घेणेच बरे, कारण त्यातील प्रश्न याच विस्कळीत याद्यांवरून आपोआप बनवलेले आहेत आणि चुकीच्या उत्तराला हिरवी खूण मिळाली की ते कायमचे बसते.

यापेक्षा चांगले काही मिळते का, असे विचारणाऱ्यांना मी दोन वाटा सांगते. पहिली भवानी मंडपापासून फार दूर नसलेल्या करवीर नगर वाचन मंदिराची. १८५० मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयात बसून एखाद्या मोठ्या इंग्रजी कोशातील ‘फेअर’ची नोंद एकदा पूर्ण वाचावी; अर्धा तास जातो, परंतु अर्थांना क्रमांक देणे म्हणजे काय, हे एकदाच आणि कायमचे समजते. दुसरी वाट उलट दिशेची आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि वाढवलेली दुसरी १८५७ मध्ये निघाली, आता संगणकावर विनामूल्य शोधता येतो, आणि त्यातील इंग्रजी स्पष्टीकरणांतही शोध घेता येतो. तेथे ‘फेअर’ टाकले की ज्या ज्या मराठी शब्दांचा अर्थ सांगताना कोशकाराने हा शब्द वापरला ते सगळे समोर येतात. त्याची मराठी दीडशे वर्षांहून जुनी आहे, त्यामुळे परीक्षेसाठी ती जशीच्या तशी घेऊ नये, पण शब्दांचा अंदाज घेण्यासाठी याहून श्रीमंत ठिकाण नाही.

ॲप बनवणाऱ्यांना अर्थ वेगळे करणे अवघड होते असेही म्हणता येत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला वर्डनेट हा शब्दसंग्रह मुळातच अर्थांवर आधारलेला आहे. त्यात एका अर्थाचे सगळे समानार्थी शब्द एका संचात असतात, आणि ‘फेअर’ जितक्या अर्थांचा तितक्या संचांत तो वेगवेगळ्या सोबत्यांबरोबर सापडतो. मराठीसाठीही तसाच संग्रह मुंबईच्या आयआयटीत तयार झालेला आहे. या ॲपचे समानार्थी शब्द अशाच कोठल्या तरी संग्रहातून घेऊन, संचांच्या भिंती पाडून, एका ओळीत ओतले असावेत असा मला दाट संशय आहे, कारण शब्दांची निवड चांगली आहे आणि केवळ मांडणी मोडलेली आहे.

हे सगळे मी ऑगस्टमध्ये ॲपच्या अभिप्रायाच्या खिडकीत सविस्तर लिहून पाठवले. दुसऱ्याच दिवशी आभाराचे उत्तर आले, ज्यात माझ्या सूचनेचा विषय ‘तांत्रिक अडचण’ असा नोंदवलेला होता आणि ॲप बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला होता. मी तो पाळला. ज्यांना उच्चार ऐकायचा आहे किंवा वर्तमानपत्र वाचताना अडलेल्या शब्दाचा ढोबळ अर्थ पाहायचा आहे त्यांनी विनामूल्य आवृत्ती जरूर ठेवावी. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या तयारीसाठी पैसे भरून घेऊ नये, आणि ज्यांनी माझ्यासारखे आधीच भरले आहेत त्यांनी प्रत्येक शब्द वहीत उतरवताना त्याच्या शेजारी एक पूर्ण वाक्य लिहावे. कागलच्या त्या मुलीच्या वहीत ‘फेअर’साठी आता दोन पाने आहेत आणि पहिल्या पानावर उसाच्या बिलाची पावती चिकटवलेली आहे.

गेल्या आठवड्यात ॲपची नवी आवृत्ती आली. ‘फेअर’च्या विरुद्धार्थी शब्दांतून ‘ब्लॅक’ काढलेला आहे. ‘अग्ली’ आहे तेथेच आहे, आणि गोरा व न्याय्य यांच्या मधोमध जत्रा अजून भरलेली आहे.